बिल्किसचा उजवा हात

१७ जानेवारी २०२४, बुधवार. सकाळी वारा गार. नळाला पाणी उशिरा आलं. पाडेकऱ्याने माडाच्या सुकलेल्या झावळ्या उतरवल्या, त्यातली एक तुळशीवर पडून फांदी मोडली. पुण्याहून लेकीचा, शमिकाचा फोन, गुडघ्याचा एक्सरे काढून घे म्हणते. बिल्किसने शिंगाळा आणला. साफ करताना त्याचा काटा तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात, अगदी मुळाशी शिरला. रक्त फार नाही. हळद दाबून दिली. दुपारी शिंगाळ्याचं तिखलं आणि भात.

त्या दिवसाचं एवढंच लिहिलेलं आहे. काटा लागणं ही मासळी विकणाऱ्या बाईसाठी बातमी नसते. बिल्किसने बोट तोंडात घालून चोखलं, शिंगाळ्याला एक शिवी हासडली आणि राहिलेले तुकडे करून दिले. मी हळद आणायला उठले तेव्हा म्हणाली, "बसा ओ बाय. ह्या हाताला आजवर किती काटे लागलं ते तुमच्या वहीतसुदा मावाचं नाय."

बिल्किस रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातली. तिचा नवरा युसुफ लाँचीवर तांडेल होता. कितीतरी वादळांतून लाँच सुखरूप परत आणणारा हा माणूस एका संध्याकाळी घरच्या ओटीवर चहा पिता पिता गेला. मुलगा यासीन तेव्हा शाळेत जाऊ लागला होता. युसुफचा चाळिसावा दिवस झाल्यावर बिल्किसने डोक्यावर पाटी घेतली. सासू म्हणाली, तांडेलाची बायको लोकांच्या दारात जाऊन बसणार? बिल्किस म्हणाली, तांडेलाच्या पोराला भूक लागते ना, मग बसणार. ही हकिगत तिनेच मला अनेकदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी सासूचा आवाज काढून.

आमच्याकडे ती मागच्या दाराने येई. विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसे, पाटी उतरवे, कमरेचा कोयता काढे. मला मासा नीट साफ करता येत नाही, हा तिच्या करमणुकीचा कायमचा विषय होता. "कॉन्व्हेंटात काय शिकवलान तुमाला? मेमांना मासा खायला लागत नाय?" मी सांगे, की आमच्या सिस्टर शुक्रवारी मासाच खात, पण साफ करायला स्वयंपाकीण होती. "मग ती स्वयंपाकीण व्हायची सोडून तुमी मेम झालात, चुकलात," असं म्हणून ती बांगड्याचं पोट एका ओढीत मोकळं करी. तो हात पाहत बसावा असा होता. जाड, बसका, नखं आखूड, आणि पाण्याने कायम सुरकुतलेला. अंगठ्याशेजारचं पहिलं बोट माशाच्या पाठीवर टेकवून ती कोयता चालवी. त्या बोटाने तिला आतला काटा कळे, मासा ताजा की कालचा तेही कळे.

माझे यजमान गेले त्या वर्षी महिनाभर मी मासे घेतले नाहीत. ती तरी रोज येत राहिली. पाटी न उतरवता दारात उभी राही, विचारी, "जेवलात काय?" आणि जाई.

यासीन शिकला. आता जयगडला बंदरात क्रेन चालवतो. बायको आलिया, एक मुलगी, दोन खोल्यांचा फ्लॅट. आईने तिकडे यावं म्हणून तो कधीपासून मागे लागला होता. बिल्किस एकदा चार दिवस राहून आली आणि पाटी उतरवतानाच म्हणाली, "खिडकीतना बोट दिसते बाय, एवढी मोठी. पण उतरतो काय, तर कोळसा! कोळसा काय कालवणात घालू?" मग जरा गंभीर होऊन, "मी पोराला सांगितलंय. माजा हात चालतोय तवर मी हिथनं हलणार नाय. हात थांबला की ने मना, खिडकीत ठेव."

फेब्रुवारीत काट्याच्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती. मग तिच्यावर एक, मनगटाकडे आणखी एक. हाताच्या पाठीवर कुणी मणी ओवून ठेवावेत तशी ती ओळ दिसे. मिरकरवाड्यातल्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला तीन गोळ्यांचं पाकीट दिलं. हेच पाकीट तिला आधी घशासाठीही मिळालेलं होतं. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, की तीन दिवस घ्यायची, पण काम आठवडाभर चालतं, कारण हे औषध मांसात साठून राहतं. घसा तेव्हा खरंच बरा झाला होता, त्यामुळे हे वाक्य बिल्किसच्या मनात पक्कं बसलं. गाठींना मात्र त्या तीन गोळ्यांनी काही केलं नाही. डॉक्टरांनीच मग चिठ्ठी देऊन त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं. ती एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मी बरोबर गेले.

डॉक्टर वेदिका शेट्ये वयाने माझ्या नातीएवढी, लांज्याची मुलगी. तिने गाठी बोटांनी चाचपल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, मासे साफ करता का?" बिल्किस माझ्याकडे बघून हसली. "वासावरना कळलं वाटतं."

गाठीचा लहानसा तुकडा काढून मुंबईला तपासायला गेला. उत्तर यायला आठवडे लागले, कारण हा जंतू सावकाश वाढणारा. क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ म्हणावा असा, पण पाण्यात आणि माशांवर राहणारा, माणसाच्या अंगात थंड जागी, म्हणजे हातापायांच्या कातडीखाली बसणारा. उत्तराची वाट न पाहता डॉक्टरने गोळ्या सुरू केल्या. एक क्लॅरिथ्रोमायसिन, सकाळ-संध्याकाळ. दुसरी एक दिवसातून एकदा. आणि मुदत सांगितली चार महिने, कदाचित जास्तही.

"चार महिने!" बिल्किस म्हणाली. "त्या तीनच गोळ्या व्हत्या."

तेव्हा त्या मुलीने टेबलावरच्या कागदावर हाताचं चित्र काढून समजावलं. ते मला आवडलं म्हणून मी घरी आल्यावर लिहून ठेवलं. ती म्हणाली, की त्या तीन गोळ्या आणि ही क्लॅरिथ्रोमायसिन एकाच घराण्यातल्या आहेत, आणि ह्या घराण्याला रक्तात राहायला आवडत नाही. गोळी पोटातून रक्तात जाते, पण तिथे फार वेळ थांबत नाही. फुप्फुसात, घशाच्या गाठींत, कातडीखालच्या मऊ मांसात उतरते. रक्त तपासलं तर औषध थोडकंच दिसेल, पण मांसात त्याच्या कितीतरी पट साचलेलं असेल. अंगात जखमेकडे धावणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यासुद्धा हे औषध पोटात भरून घेतात. हा जंतू नेमका त्याच पेशींच्या पोटात लपलेला असतो, म्हणून हे औषध. मात्र सगळीकडे ते सारखं पोचत नाही. जिथे रक्त भरपूर फिरतं तिथे लवकर जातं. बोट वाकवणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, त्यांच्या म्यानात, सांध्याच्या आत, रक्त कमी, म्हणून औषधही कमी, म्हणून वेळ.

बिल्किसने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे मीठ मुरतं तसा."

"तसंच म्हणा," डॉक्टर हसून म्हणाली. "पण गाठी गेल्या तरी थांबवायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही."

मिठाचं बिल्किसला सांगावं लागत नव्हतं. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये ती आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्यात खायच्या बेगमीसाठी, बांगडे खारवत असे. बांगडा पाठीकडून चिरायचा, पुस्तकासारखा उघडायचा, मीठ चोळायचं, पिंपात थर लावायचे, वर दगड ठेवायचा. पाणी सुटतं. त्या पाण्याचा थेंब बोटावर घेऊन ती चाखायची. मापाचं भांडं तिने कधी वापरलं नाही. जीभ सांगेल तेवढं मीठ. एकदा मीठ काट्यापर्यंत मुरलं, की पुन्हा घालायचं नाही, वरचं झटकून टाकायचं आणि मासा वाळवायचा. मग तो पावसाळा काढतो. तिच्या सासूच्या हातचे बांगडे लांज्यापर्यंत जात, आणि सासू गेल्यावर तिचे. लांज्याचे महिपत दुकानदार दर वर्षी माणूस पाठवून नेत.

मार्चमध्ये रमजान लागला. पहाटे सहरीला एक गोळी, संध्याकाळी इफ्तारला एक, हे तिने आपणच ठरवलं आणि एकदाही चुकवलं नाही. गाठी हळूहळू बसू लागल्या. पण तोंड गेलं. ह्या गोळीने तोंडाला कडू, लोखंडासारखी चव येते, हे डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. ऐकणं वेगळं. "रात्रंदिवस खिळा चघळतेय बाय," ती म्हणायची. ईदला तिने नेहमीप्रमाणे शीरखुर्म्याचा डबा पाठवला. घास तोंडात घेतला आणि माझ्या लक्षात आलं, की साखर दुप्पट पडली आहे. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कसा झाला?" मी चांगला झाला म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "आलियानं पन असंच सांगितलान. तुमी सगली एकच हाव."

मग खारवण्याचे दिवस आले. पहिलं पिंप तिने ईद झाल्यावर लावलं. जिभेवर कायमच तो खारटकडू थर, त्यामुळे पाणी चाखलं की मीठ पुरे झालंसं तिला वाटलं. मीठ कमी पडलं होतं. वरून मासे छान दिसत होते. वाळत घातले तेव्हा काट्याजवळून वास सुटला. तरी तिच्या नाकाला तो वेळेवर कळला नाही, आणि एक टोपली लांज्याला गेली. महिपतांनी माणसाबरोबर टोपली परत पाठवली आणि निरोप दिला, "चाची, यंदा बांगडे झोपेत खारवलेस काय?"

चेष्टाच होती ती. माणूस जुना, ओळखीचा. पण बिल्किसने त्या पिंपातले आणि टोपलीतले बांगडे माडाच्या मुळाशी खड्डा करून पुरले, आणि माझ्याकडे आली तेव्हा पाटी रिकामी होती. दगडावर बसून राहिली.  "सासू असती तर काय म्हनाली असती," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, एक वर्ष आगोट नाही केलीस तर काही बिघडत नाही, औषध संपू दे. ती उठली. "तुमचं बराबर हाय," म्हणाली. "पन मी मग करू काय? नुसती बसू? बसायचं तर जयगडला पन बसता येतं."

मे महिन्यात हात सपाट झाला. गाठींच्या जागी फक्त तपकिरी डाग उरले. ती मला हात उलटसुलट करून दाखवी. आगोटीचे बांगडे तिने पुन्हा पिंपात लावले होते आणि या खेपेला ते झकास झाले होते. महिपतांकडून उलट टोपली आली नाही, निरोप आला, अजून असतील तर पाठव. बिल्किस खुशीत होती. जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे तिची फेरीही बंद. मासेमारी सुरू झाली की भेटू, असं म्हणून ती गेली.

जुलैच्या मध्यात आलियाचा फोन आला. ती मुलीला घेऊन सासूकडे आली होती. "आंटी, अम्मी हात दाखवत नाहीत. फडकं गुंडाळून बसतात. रात्री कण्हतात. तुमचं ऐकतील."

मी रिक्षा करून मिरकरवाड्यात गेले. बिल्किस चुलीपाशी पाटावर बसली होती. मला पाहिल्यावर आलियाला म्हणाली, "बोलावलीस काय पंच?" आणि फडकं सोडलं. ते पहिलं बोट जुन्या सोनकेळ्यासारखं जाड आणि ताणलेलं होतं. वाकत नव्हतं. मुळाशी पुन्हा गाठ, तिला तोंड पडलेलं. वर बिब्ब्याचा काळा डाग. गोळ्या कुठे आहेत विचारलं, तर तिने फळीवरून पिशवी काढून दिली. मे महिन्यापासूनच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या.

"गाठी गेल्या व्हत्या बाय," ती म्हणाली. "मुरलं व्हतं ना आतमंदी. त्या तीन गोळ्या आठवडाभर पुरतात, मग ह्या दोन महिने घेतल्या त्या किती पुरायला पायजेत? मुरल्यावर वरना आनी मीठ कोन घालतं?" मग खाली बघून, "आनी मना जीभ पायजे व्हती."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वेदिकाकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. तिचा चेहरा उतरला, ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि तिने बिल्किसचा तो हात आपल्या हातात घेतला.

"मावशी, तुम्ही खारवता तो मासा मेलेला असतो. त्यात मीठ गेलं की तिथंच राहतं. तुमचा हात जिवंत आहे. त्यातून रक्त फिरतं. जे आत येतं ते हळूहळू परत निघूनही जातं. त्या तीन गोळ्या सावकाश निघतात. ही लवकर निघते. म्हणून रोज भरावं लागतं."

बिल्किसने डॉक्टरच्या हातातल्या आपल्या बोटाकडे पाहिलं. "आनी आतला कीडा?"

"तो वरून संपला होता. बोटाच्या दोरीत राहिला होता."

"काट्याजवल," बिल्किस म्हणाली. "पयल्या पिंपासारखा."

डॉक्टरला हे पिंप ठाऊक नव्हतं. मी तिला नंतर सांगितलं.

पुढचं सगळं कोल्हापूरला झालं. यासीन रजा काढून आईबरोबर राहिला. बोट उघडून दोनदा साफ केलं. औषधं वाढवली. जंतू दोरीतून सांध्यात आणि हाडात गेला होता. तिसऱ्या वेळी बोटच काढावं लागलं, नाहीतर तळहाताला धोका होता. सही यासीनने केली. शुद्धीवर आल्यावर तिने त्याला पहिलं काय विचारलं, ते तो मला सांगताना रडला. तिने विचारलं, "बोट कुठं ठेवलंन?"

त्यांच्यात अंगाचा तुटलेला भागही मातीत द्यायचा असतो. यासीनने रुग्णालयातून ते मागून घेतलं, रत्नागिरीला आणलं आणि मिरकरवाड्याच्या कब्रस्तानात बापाच्या कबरीशेजारी हातभर खड्डा करून पुरलं.

सप्टेंबरमध्ये ती परत आली. औषधं अजून चालू होती. सगळी वेळेवर, आलिया फोन करून विचारायची. जखम चांगली भरली. पण ज्या बोटाच्या आधाराने कोयता चालायचा ते बोट नव्हतं, आणि अंगठा सोडून उरलेली तीन अजून नीट मिटत नव्हती. एकदा ती पाटी घेऊन आली. हट्टाने आली. दगडावर बसली, सौंदाळा घेतला, डाव्या हाताने धरू की उजव्या, असं दोनतीनदा केलं. मासा सुटून मातीत पडला. मी उचलायला वाकले तर म्हणाली, "ऱ्हावं दे." स्वतःच उचलला, विहिरीच्या पाण्यात धुतला, न कापताच माझ्या ताटात ठेवला. "आज तुमीच साफ करा. कॉन्व्हेंटात शिकवला नाय तरी आता शिका."

मी केला. ती बघत होती. पित्त फुटलं तेव्हाही हसली नाही.

काल, शनिवारी, यासीन गाडी घेऊन आला. आज सकाळी निघताना त्यांनी माझ्या मागच्या दाराशी गाडी थांबवली. बिल्किस उतरली. नव्या ओढणीत ती अगदी पाहुणी वाटत होती. हातात कागदात बांधलेला पुडा होता. मे महिन्यातले खारे बांगडे, स्वतःच्या घरासाठी ठेवले होते त्यातले उरलेले. "आलिया खारं खात नाय," ती म्हणाली. "तुमी खावा. दमट हवेत ठेवू नका. नि धुवून टाकू नका मेमसारखं, नुसते भिजवा."

मी हो म्हटलं. कोयता कुठे आहे असं मला विचारायचं होतं, पण विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की शेजारच्या मालनला दिला. मालन तिच्यासारखीच पाटी घेऊन फिरते. "ती येईल तुमच्याकडं. बोलते जास्त. पन हात साफ हाय."

यासीनने हॉर्न वाजवला नाही, नुसता गाडीला टेकून उभा राहिला. बिल्किस दगडाकडे बघत होती. "मी म्हनायचे ना, हात चालतोय तवर हिथनं हलनार नाय. बगा कसं झालं. बोट हिथंच ऱ्हायलं, युसुफजवल. मी तेवढी चालले."

मी तिचा हात हातात घेतला. चार बोटांचा हात. आयुष्यात पहिल्यांदा तो कोरडा लागला.

"वहीत लिवा आज गेली म्हनून," ती म्हणाली आणि गाडीत बसली. खिडकी वर होईपर्यंत मला दिसत होती.

दुपारी गुडघ्याला शेक दिला. शमिकाशी बोलले. मालन अजून आली नाही. संध्याकाळी वही काढली.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. हवा दमट. बिल्किस सकाळी जयगडला गेली. दोन खारे बांगडे भिजवून निखाऱ्यावर भाजले. मीठ बरोबर आहे.